अमावास्येचं पाणी

माझी बायको अमावास्येला गेली. तिला खाली उतरवली नाही तोवर जुन्या चाळीतल्या बायका सुरू झाल्या, की सवाष्ण गेली, कपाळावरच्या कुंकवासकट गेली, भाग्यवान. मेलेल्या माणसाचं कसलं आलंय भाग्य. पण त्यांच्याशी भांडायला त्या दिवशी माझ्या अंगात जोर नव्हता.

तेराव्याला भटजींनी सांगितलं, वर्ष पुरं होईपर्यंत दर महिन्याला तिच्या तिथीला पान ठेवा, मध्ये खंड पाडू नका, खंड पडला की वाटेत ती उपाशी राहते. मी चौथी शिकलेला माणूस. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर माझगावला एका गोदामावर वॉचमन. असल्या गोष्टींत खरं किती नि खोटं किती ते बघत बसायची मला सवय नाही. मी एवढंच धरलं, की वर्षभर एकही पान चुकवायचं नाही. तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

पण ठेवायचं कुठे? आमची लालबागची चाळ पाडली, तिथे टॉवर उभा राहिला आणि आम्ही वर गेलो. चाळीला गॅलरी होती, इथे खिडकीला कबुतरांसाठी जाळी. गच्चीला कुलूप. बदलापूरला असणारा मुलगा म्हणाला, बाबा, हल्ली ऑनलाइन पैसे भरले की ते लोक परस्पर पान ठेवतात. मी म्हटलं, मग तू पण परस्पर जेवत जा. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

त्याच खिडकीतून शिवडीची खाडी दिसते. ती खाडी तिची होती. माझी बायको मालवणकडची. गिरण्यांच्या संपाच्या काळात घरात काही नसायचं, तेव्हा ती ओहोटी बघून कोळणींबरोबर खडकावर जायची आणि कालवं फोडून आणायची. चिखलातून तिसऱ्या म्हणजे शिंपल्या वेचायची. पुढे बरे दिवस आले तरी जायची, हौसेनं. मग एक दिवस तिनं टोपातल्या तिसऱ्यांना नाक लावलं आणि म्हणाली, "हेका घासलेटाचो वास येता." मला काही वास येत नव्हता. तिनं सगळ्या तिसऱ्या टाकून दिल्या आणि त्यानंतर त्या खाडीतलं काही घरात आणलं नाही. पण खिडकीत उभी राहून बघायची. लांब पायांचे पक्षी आले की मला हाक मारायची, तुमचे लांबटांगे आले म्हणून. जसं काही मी त्यांना बोलावणं पाठवलं होतं.

तेव्हा पान खाडीवरच ठेवायचं ठरवलं. भात, वरण, वडे, जमेल तशी एखादी भाजी. आणि दूध. दूध मात्र भरपूर. कारण हिला दुधाच्या चहाची भारी आवड, पण संपात घरातलं दूध पोरासाठी राहिलं आणि ही कोरा प्यायला लागली ती लागलीच. नंतर दूध घ्यायची ऐपत आली तरी कोराच. विचारलं तर म्हणायची, आता दुधाचा पचत नाही. खोटं. दुसऱ्याच्या घरी दुधाचा मिळाला तर बशी चाटून स्वच्छ करून ठेवायची. म्हणून मी दर अमावास्येला फुल क्रीमची मोठी पिशवी घ्यायचो आणि सगळी तिला द्यायचो. थेंबभरसुद्धा घरी ठेवायचो नाही.

शिवडीला रस्ता संपतो तिथे रिकामे ड्रम धुऊन विकणाऱ्या एका माणसाचं आवार आहे. त्याच्यापुढे बांध, आणि बांधाखाली एक मोरी. मोरीतून ओहळ निघतो, तिवरांमधून वळणं घेत मोठ्या खाडीला मिळतो. भरतीला तिथे पुरुषभर पाणी चढतं, ओहोटीला चिखलात चिंचोळी धार उरते. अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती असते, म्हणजे सकाळी उजाडता उजाडता ओहोटी. मी त्या वेळी जायचो. मोरीपाशी दगडावर पान ठेवायचं, दूध धारेत ओतायचं, हात जोडायचे, आणि मग बांधाबांधानं खाली जाऊन जुन्या धक्क्याच्या दगडावर बसायचं.

पहिलं पान ठेवून तिथे जाऊन बसलो, तर धक्क्याखाली गुडघाभर चिखलात एक पोरगी. गमबूट, पाठीवर पिशवी, आणि बाटलीला दोरी बांधत होती. मला वाटलं बाटलीनं मासे धरतेय. मी वरून ओरडलो, ए पोरी, पाय रुतला तर काढायला कोण येणार. तिनं मान वर केली नाही.

"तुम्ही आहात की आजोबा. तोवर ही दोरी धरा."

मी दोरी धरली. ती जी धरली ती वर्षभर.

ती एका कॉलेजात मोठं शिक्षण घेत होती आणि खाडीचं पाणी तपासणं हे तिचं काम होतं. वर्षभर, दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला, पार ओहोटीची वेळ साधून, त्याच जागी, त्याच पाण्याची बाटली. राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत. मी राम राम म्हटलं की ती हसून जय भीम आजोबा म्हणायची. महिन्याभरात मीच जय भीम म्हणायला लागलो. ती काही राम राम म्हणाली नाही. पोरगी हट्टी.

आता तिचं काम सांगतो. मी गिरणीत चांगले कारागीर पाहिले आहेत. तुटलेला धागा चालत्या मशीनवर न बघता सांधणारे हात पाहिले आहेत. ही पोरगी त्या जातीची.

बाटली आधी त्याच खाडीच्या पाण्यानं तीनदा विसळायची आणि मगच भरायची. मला हसू आलं. म्हटलं, घाण पाण्यात विसळून पुन्हा घाणच भरायची तर विसळतेस कशाला. ती म्हणाली, बाटलीला आधीचं काही आठवता कामा नये. घरी जाऊनसुद्धा ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. बाटलीला तीनदा विसळून जमतं.

मग पांढऱ्या-काळ्या रंगाची एक थाळी दोरीला बांधून खाली सोडायची. दिसेनाशी झाली की दोरी किती भिजली ते मोजायचं, म्हणजे पाणी किती गढूळ ते कळतं. मिठाचं माप घ्यायला छोट्या नळीत थेंब टाकून एका डोळ्यानं उजेडाकडे बघायची. आणि सगळ्यांच्या आधी बाटलीला नाक लावायची. यंत्रं पिशवीत असताना नाक. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझ्या हातातली दोरी सैल झाली, कारण नाकपुडी फुगवायची ती पद्धत मी घरात टोपावर पाहिली होती.

पण खरी करामत पुढची. काचेच्या बुचाच्या दोन बाटल्या भरायची. आत एवढासा बुडबुडा राहिला तर सगळी ओतून पुन्हा. थंडीत, चिखलात उभी राहून, पुन्हा पुन्हा. एका बाटलीत तिथल्या तिथे औषधाचे थेंब टाकायची. दूध फाटावं तसं पाणी फाटायचं आणि तळाला चोथा बसायचा. चोथा तपकिरी असला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, म्हणजे मासा श्वास घेऊ शकतो. पांढरा असला तर पाणी मेलेलं. दुसरी बाटली काळ्या कपड्यात गुंडाळून कॉलेजात न्यायची, पाच दिवस अंधारात ठेवायची आणि मग तिच्यात थेंब टाकून बघायची. पाण्यात घाण असली तर ती कुजताना आतला सगळा ऑक्सिजन पाच दिवसांत खाऊन टाकते, आणि चोथा पांढरा पडतो. मी म्हटलं, म्हणजे पाच दिवस बाटलीचं सुतक. तिला तो शब्द फार आवडला नसावा, पण पुढच्या वेळी तीच म्हणाली, चला आजोबा, बाटली सुतकात जाते.

मी सकाळी फिरायला येतो असं तिनं धरलं होतं, पानाचं मी कधी बोललो नव्हतो. मी पौर्णिमेलासुद्धा जायला लागलो. तेव्हा पान नसायचं, नुसती दोरी धरायची. पण त्यामुळे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती खाडी नीट बघितली. आम्ही तिला सांडपाण्याची खाडी म्हणायचो. पाणी उतरलं की चिखल कसा तडतडतो ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही, तापल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारावा तसा आवाज येतो सगळीकडून. भोकाभोकांतून खेकडे वर येतात. निवट्या तर माशाची जात असून चिखलावर उड्या मारतात, एकमेकांवर फणा काढून भांडतात, जशी आमच्या नळावरची माणसं. पलीकडे नवा पूल, अलीकडे तेलाच्या टाक्या, वरून अख्ख्या शहराची घाण, आणि हे आपले जगतायत. दिवसातून दोनदा समुद्र आत येतो, दोनदा जातो, तेवढ्या श्वासावर. ती म्हणाली, आजोबा, ही खाडी मेली असं सगळे म्हणतात, मला ते मोजून बघायचंय. मला ते बोलणं आवडलं. मेली असं म्हणायच्या आधी कुणीतरी मोजून बघायला हवं.

काही महिने गेले आणि तिच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. पौर्णिमेचं पाणी ठीक येत होतं. अमावास्येचं वाईट. आणि वाईट असं, की धक्क्यावर थेंब टाकले तर चोथा तपकिरी, चांगला, पण सुतकातली बाटली उघडली की पांढराफेक. ती म्हणायची, म्हणजे पाणी घेताना जिवंत आहे, पण त्यात काहीतरी आत्ता आत्ताच पडलेलं आहे, कुजायला अजून सुरुवात व्हायची आहे. कुणीतरी अमावास्येलाच काहीतरी सोडतंय.

मला विचार करायची गरजच पडली नाही. मी म्हटलं, ड्रमवाला. कसले कसले केमिकलचे ड्रम धुतो तो, दुसरं कोण. ती म्हणाली, पुरावा नाही. मी म्हटलं, पुरावा कसला हवाय, तोंड बघ त्याचं. मी इतका पेटलो की एका पौर्णिमेला तिच्याबरोबर त्याच्या आवारात गेलो आणि तिच्याआधी मीच बोललो. बरंच बोललो. खाडीची वाट लावलीस इथपर्यंत. ड्रमवाला दाढीला साबण लावून बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "ताई, अमावस को तो अपनी छुट्टी रहती है. कारीगर लोग काम को हातच नहीं लगाते. पूछो किसीको भी."

मी म्हटलं, सुट्टीच्या आड सोडत असेल, कोण बघतंय. पण ती पोरगी फाटकाकडे वळली. बांधावर आल्यावर मला म्हणाली की तिच्या कॉलेजातले सरसुद्धा म्हणतात, अहवालात ड्रमवाल्याचं लिहून टाक, तिथे दुसरं आहे काय. तिनं लिहिलं असतं तर पालिकेची गाडी येऊन त्याचं आवार उठलं असतं आणि कुणालाच काही वाटलं नसतं, मला तर बरंच वाटलं असतं. पण ती म्हणाली, मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाव लिहिणार नाही.

पुढच्या अमावास्येला मी नेहमीसारखा गेलो. ड्रमवाल्याचं फाटक बंद. मोरीपाशी दगड धुतला, पान मांडलं, पिशवीचा कोपरा दातानं फाडला आणि दूध धारेत सोडलं. काळ्या चिखलातून ती पांढरी रेघ वळणं घेत तिवरांत जायची, ते मला बघायला आवडायचं. वाटायचं, पोचतंय. मी हात जोडून तिला म्हटलं, घे, आता दुधाचा करून पी.

मागे खडखड झालं. फाटकाबाहेर रचून ठेवलेल्या ड्रमांच्या आडून ती पोरगी उभी राहिली. फोटो काढायला मोबाइल हातात धरलेला, तो तिनं खिशात ठेवला. मी म्हटलं, तू इथे काय करतेस?

"चोर पकडायला आले होते."

मी म्हटलं, मग, सापडला का? ती बांधावर येऊन बसली. मी पान आटोपून येईपर्यंत बसून राहिली. मग हळूच एकेक विचारलं. दर महिन्याला का? दर महिन्याला. अमावास्येलाच? तिची तिथी आहे ती. दूध एवढंच असतं? मी अभिमानानं सांगितलं, एक थेंब मागे ठेवत नाही. आणि मी बाटली भरायच्या आधी? हो, आधी पान, मग तुझी दोरी. सांगता सांगता मी हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं. मी शिकलेला नाही, पण इतका अडाणीही नाही.

ती म्हणाली, "आजोबा, पाण्याला दुधाइतकं जड दुसरं काही नसतं. गटारापेक्षा जड."

मी म्हटलं, दूध देवाला चालतं.

"देवाला चालत असेल. निवट्यांना नाही चालत."

मग तिनं समजावून सांगितलं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते दुधावर तुटून पडतात, आणि ते खाताना आजूबाजूचा सगळा ऑक्सिजन ओढून घेतात. भरतीला समुद्र भरलेला असतो, त्याला एवढ्याशा दुधाचं काही वाटत नाही. पण ओहोटीच्या चिंचोळ्या धारेत एक मोठी पिशवी म्हणजे पुष्कळ झालं.

मला राग आला. म्हटलं, माझ्या बायकोच्या दुधाला तू घाण म्हणतेस? ती म्हणाली, घाण नाही म्हटलं, जड म्हटलं. मग मी जे बोललो ते इथे लिहितो, कारण ती ऐकून तशीच बसून राहिली. मी म्हटलं, तुमच्यात पान ठेवत नाहीत, तुला काय कळणार त्यातलं.

"नाही ठेवत," ती म्हणाली. "माझी आजी गेली तिच्या नावानं आई दरवर्षी चाळीतल्या माणसांना जेवायला घालते. आजीला भजी आवडायची, म्हणून भजी. तळता तळता आई रडते आणि मीठ दोनदा पडतं. लोक खातात तशीच."

मी उठलो. ती मागून म्हणाली, बंद करा असं मी म्हणणार नाही, ते तुमचं आहे. मला फक्त एका अमावास्येचं दुधाशिवायचं पाणी हवंय, नाहीतर हे दुधामुळेच झालं की आणखी कशामुळे ते मला छातीठोक सांगता येणार नाही. माझी बाटली भरून झाली की ओता, मला चालेल.

तेच मला घरी जाऊन सलायला लागलं. ओतू नका म्हणाली असती तर मी भांडून मोकळा झालो असतो, आणि मुद्दाम ओतलं असतं. पण ती म्हणाली, मला चालेल. तिला चालणार होतं. बाटली वाचणार होती. निवट्यांचं काय ते तिनं माझ्यावर सोडलं होतं. इतका शहाणपणा त्या वयात कुठून येतो कोण जाणे. माझ्या सगळ्या आयुष्यात असं माझ्यावर सोडणारी एकच बाई होती, आणि ती तर आता पान घेणाऱ्यात गेली.

मधल्या पौर्णिमेला मी गेलो नाही. रुसलो म्हणा. तिनं दोरी कशी धरली असेल ते मला माहीत नाही, पुढे तिनंही सांगितलं नाही.

अमावास्या आली. वर्ष पुरं व्हायच्या आधीची ती शेवटची. मी वडे तळले, भात केला, वाटेत दूध घेतलं. फुल क्रीमच घेतलं. मोरीपाशी पान मांडलं आणि पिशवी तशीच हातात धरून खाली धक्क्यावर गेलो. जय भीम, राम राम काही झालं नाही. तिनं दोरी पुढे केली, मी धरली. नाक, थाळी, नळी, बुडबुडा, पुन्हा बुडबुडा. काळ्या कपड्यात बाटली गुंडाळून झाल्यावर म्हणाली, झालं आजोबा, आता ओता. आणि माझ्याकडे पाठ करून चिठ्ठ्या चिकटवत बसली. बाटल्या दोनच, चिठ्ठ्या चिकटवायला किती वेळ लागतो? मला एकटं सोडायला ती पाठ होती.

मी वर मोरीपाशी आलो. पिशवीचा कोपरा दातात धरला. धारेच्या कडेला दोन निवट्या फणा काढून भांडत होत्या. भटजी डोक्यात होतेच, की खंड पाडू नका, उपाशी राहील. मी तिच्याकडे मन लावलं, की बाई, सांग तूच. आणि माझी बायको अशी नव्हती की विचारल्यावर गप्प बसेल. तिचा आवाज मला इतका साफ आठवला की मागे वळून बघितलं. "दूध चिखलात ओतल्यात? तुमका काय कळता काय नाय?"

खरंच म्हणाली असती. घोटभर दूध वाया गेलं तर दिवसभर बोलणारी बाई. वर्षभर मी तिच्या नावानं पिशव्या चिखलात ओतत होतो आणि तिला पोचतंय म्हणून समाधानात होतो. तिनं वरून बघितलं असेल तर कपाळ बडवून घेतलं असेल.

मी ड्रमवाल्याचं फाटक वाजवलं. त्याची सुट्टी होती, बनियनवर बाहेर आला. माझ्या मनात घोळवलेलं काहीच तोंडातून निघालं नाही. सरळ सांगितलं, की खाडीत जे पडत होतं ते माझं होतं, दूध, बायकोसाठी, तुझं काही नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"काका, माल तुमचा आणि नाव माझं?" तो म्हणाला. मग म्हणाला, "आ जाओ, स्टोव्ह आहे."

त्याच्याकडे पातेलं होतं, साखर होती, पत्ती होती. पाण्याचा थेंब न घालता सगळ्या पिशवीचा चहा केला, आलं ठेचून घातलं. पोरीला हाक मारली. बांधावर फिरायला आलेली, गळ टाकून बसलेली, जी माणसं होती त्यांना बोलावलं. कुणाचा चहा, कशाचा, कुणी विचारलं नाही, फुकट चहाला मुंबईत कोण विचारतं? एक ग्लास मी नेऊन मोरीपाशी पानाजवळ दगडावर ठेवला. पाण्यात नाही, दगडावर. आमचा चहा पिऊन होईपर्यंत ड्रमवाल्याच्या कुत्र्यानं वडे संपवले, ग्लास आडवा केला आणि दगड चाटून स्वच्छ करून टाकला. ती बशी चाटायची तसा. मला वाईट वाटलं नाही. पान चुकलं असंही वाटलं नाही.

पोरीनं ग्लास संपवला आणि म्हणाली, साखर जास्त झाली आजोबा. मी म्हटलं, पी तसाच, भजी खातात तसा.

मग पाच दिवस. त्या पाच दिवसांत मला गोड लागलं नाही. बाटली वाईट निघाली तर खाडीत दुसरं काही पडतंय. बरी निघाली तर माझंच दूध. दोन्हीकडून माझं तोंड कडू होणार होतं, आणि तरी मला ती बरी निघायला हवी होती. हे माझं मलाच नवल वाटलं.

पाचव्या दिवशी ती घरी आली. खिडकीशी उभं राहून आधी खाडी बघून घेतली, वरून कशी दिसते ती. मग म्हणाली, चोथा तपकिरी आला. पौर्णिमेसारखाच. मी म्हटलं, म्हणजे पाणी चांगलं आहे? ती म्हणाली, चांगलं नाही. जिवंत आहे. कालवं खाण्यासारखं अजून नाही, तेलाचा वास अधूनमधून येतोच, ते कुठून येतं ते शोधायचंय. दुसरी कुणी असती तर म्हाताऱ्याचं मन राखायला म्हणाली असती, की तुमच्या दुधानं काही झालं नव्हतं. ही म्हणाली, दुधानंच झालं होतं. आणि तेवढ्याच आवाजात म्हणाली, चहा करता का, माझ्यासाठी साखर कमी.

मी विचारलं, आता त्या वाईट निघालेल्या अमावास्यांचं काय? मला वाटलं फाडून टाकेल. ती म्हणाली, मोजलेलं फेकायचं नसतं, का झालं ते लिहायचं. तिनं अहवालाचं पान आणलं होतं, छापलेलं. माझं नाव नव्हतं, ड्रमवाल्याचं नव्हतं. आकड्यांच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. मी बोट ठेवून वाचली. 'अमावास्येला नमुना घेण्यापूर्वी प्रवाहाच्या वरच्या बाजूस एका गृहस्थाने दिवंगत पत्नीसाठी दूध ओतले होते.'

पुन्हा एकदा वाचली. कुठल्या तरी कॉलेजात, कुठल्या तरी कपाटात, माझ्या बायकोला कुणीतरी दूध दिलं होतं हे आता लिहिलेलं राहणार होतं. जे सुचलं ते बोललो. म्हटलं, नुसतं दूध नको लिहूस. फुल क्रीम लिही. तिला पातळ दूध घातलं असं वाचणाऱ्याला वाटायला नको.

मला वाटलं ती हसेल. तिनं पिशवीतून पेन काढलं, टोपण उघडलं आणि विचारलं, "गाईचं की म्हशीचं?"